कवितेचं रसग्रहण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीची मुलं, बी.ए.ला मराठी घेतलेले विद्यार्थी, नव्यानं शिकवायला लागलेले शिक्षक आणि परदेशात घरच्या घरी मुलांना मराठी वाचायला शिकवणारे आईबाप यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे. जिथे एकाचं उत्तर दुसऱ्यात दिलेलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक सांगितला आहे. माझा आग्रह एकच आहे: कवितेबद्दल जे म्हणाल ते तिच्या ओळीवर बोट ठेवून म्हणा.

१. कवितेचा अर्थ लिहून झाला. मग रसग्रहणात वेगळं काय लिहायचं?

‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले’ या तुकोबांच्या ओळींचा अर्थ कुणीही सांगेल: जो दुःखितांना आपलं म्हणतो तो साधू. अर्थ तिथे संपतो आणि रसग्रहण तिथून सुरू होतं. ‘गांजले’ आणि ‘आपुले’ यांचं यमक जुळलं आहे. समाजात जे दोन शब्द एकमेकांच्या जवळ येत नाहीत ते इथे नादानं एकत्र बांधले गेले. पुढची ओळ पाहा: ‘तोचि साधु ओळखावा । देव तेथेचि जाणावा’. ‘तो’ नाही, ‘तोचि’. ‘तेथे’ नाही, ‘तेथेचि’. त्या दोन ‘चि’मुळे बाकीचे सगळे साधू आणि देवाची बाकीची सगळी ठिकाणं दाराबाहेर राहतात. अभंगातली खरी धार त्या एका अक्षरात आहे, आणि सरळ अर्थ लिहिताना नेमकं तेच गळून पडतं.

२. कविता समोर आली की सुरुवात कुठून करू?

मोठ्यानं वाचण्यापासून. निदान तीनदा. पहिल्यांदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा जिथे जीभ अडखळते किंवा आवाज आपोआप चढतो-उतरतो तिथे पेन्सिलीनं खूण करा. तिसऱ्यांदा फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. कवितेत काय घडतंय, की काहीच घडत नाहीये, हे क्रियापदं चटकन सांगतात (याचं पूर्ण उदाहरण प्रश्न १३ मध्ये आहे). मग विचारा: बोलतंय कोण, आणि कुणाशी? कवी कोण, कधीचा, कोणत्या संप्रदायाचा, ही माहिती त्यानंतर. ती आधी वाचली की कवितेत आपल्याला तेवढंच दिसू लागतं.

३. ‘विषय’ आणि ‘आशय’ एकच ना?

नाही, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. बहिणाबाईंचं ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर’ घ्या. विषय संसार. त्या विषयावर शेकडो कविता आहेत. या कवितेचा आशय ‘आधी’ आणि ‘तंव्हा’ या दोन शब्दांत आहे. चटके चांगले असतात असं बहिणाबाई म्हणत नाहीत, चटके बसू नयेत असंही म्हणत नाहीत. त्या फक्त क्रम सांगतात, आणि तो रोज तव्यापाशी बसणारीच्या हाताला माहीत असलेला क्रम आहे. विषय एका नामात सांगता येतो. आशय सांगायला पूर्ण वाक्य लागतं. तुमचं वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला तसंच्या तसं लागू पडत असेल तर आशय अजून हाती आलेला नाही.

४. वृत्त, जाती आणि छंद यांत फरक काय?

काय मोजायचं, एवढाच. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा क्रमही ठरलेला असतो (लघु-गुरु कसे ओळखायचे ते प्रश्न ७ मध्ये आहे). समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’. बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असा गट चार वेळा. जातीत, म्हणजे मात्रावृत्तात, मात्रांची बेरीज जमावी लागते, क्रम बराचसा मोकळा असतो. छंदात फक्त अक्षरं मोजतात, लघु-गुरु पाहत नाहीत. ओवी आणि अभंग हे छंद. मराठीतल्या या सगळ्या रचनांची शिस्तशीर मांडणी माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’त करून ठेवली आहे.

५. ओवी आणि अभंग नेमके ओळखायचे कसे?

ज्ञानेश्वरीतली ओवी पाहा: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन’. पहिले तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड आणि यमकातून सुटलेला. म्हणून ओवीला साडेतीन चरणी म्हणतात. अक्षरसंख्या सारखी नसते. इथे ती अकरा, अकरा, आठ आणि चार आहे.

मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार असं माप असतं आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात: ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. प्रश्न १ मधला ‘जे का रंजले गांजले’ हा लहान अभंग.

ओवीचा चौथा चरण आखूड का, यावर थोडं थांबा. तीन चरणांत वाढत गेलेलं बोलणं तिथे एकदम जमिनीवर टेकतं. ‘मेळवीन’ एवढाच शब्द. अमृताशी पैज लावून झाल्यावर ज्ञानदेव चारच अक्षरांत सांगतात की हे मी करीन.

६. अक्षरं मोजली तर सहा-सहा-सहा-चार येत नाही. मी चुकतोय का?

बहुधा नाही. चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा’ मोजून पाहा: सहा, सहा, सहा, सहा. चौथा चरण पूर्ण भरलेला आहे आणि यमक ओळींच्या टोकाला आहे. अभंग गाण्यासाठी आहेत. टाळ-मृदंगाच्या ठेक्यात एखादं अक्षर लांबतं, एखादं गिळलं जातं. शिवाय ते शतकानुशतकं तोंडी आणि हस्तलिखित वह्यांमधून आले, त्यामुळे पाठभेदही भरपूर. मोजताना जोडाक्षर एकच धरा, अनुस्वार वेगळा मोजू नका. तरीही माप चुकत असेल तर ते तसं नोंदवा आणि तिथे काय घडतंय ते पाहा. कवितेला मापात बसवण्यासाठी शब्द तोडू-मोडू नका.

७. मात्रा मोजायच्या कशा? आणि मोजून मिळतं काय?

अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं किंवा अनुस्वार-विसर्ग असलेलं अक्षर गुरु, दोन मात्रा. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरु: ‘सज्जन’मधला ‘स’. पण ‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘पडल्या’ यांत आघात येत नाही, म्हणून तिथे आधीचं अक्षर लघुच राहतं. संस्कृतचा नियम मराठीला डोळे मिटून लावणारे इथे हमखास चुकतात. शंका आली की शब्द उच्चारून पाहा. कवी मापासाठी ऱ्हस्व-दीर्घही बदलतात, ती शुद्धलेखनाची चूक नसते.

आता मिळतं काय, ते. केशवसुतांची १८९३ सालची ‘तुतारी’:

‘एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने’

प्रत्येक ओळीत आठ अधिक आठ, सोळा मात्रा. आता त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आलेले मर्ढेकर:

‘पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण’

मोजा. आठ अधिक आठ. तेच माप! जुनं जग फुंकून टाकायला निघालेल्या तुतारीची चाल आणि पिपात मरून पडलेल्या उंदरांची चाल एक आहे. हे पहिल्यांदा बोटांवर मोजलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो. केशवसुतांच्या ओळीत ही चाल पुढे रेटते, कारण क्रियापदं मागणीची आणि निश्चयाची आहेत: द्या, फुंकिन. मर्ढेकरांच्या ओळीत तीच चाल यंत्रासारखी फिरत राहते: ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. पुन्हा आठ आणि आठ. तालातून सुटका नाही आणि सक्तीतूनही नाही. मात्रा मोजल्या नसत्या तर ‘यांत्रिक जीवनाचं चित्रण’ असं पुस्तकी वाक्य लिहून आपण मोकळे झालो असतो. ते यंत्र कवितेत कुठे बसवलंय हे दिसलंच नसतं.

मर्ढेकरांच्या पहिल्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे. ‘ओल्या’ हे पिपाचं विशेषण, पण ते पिपापासून तोडून उंदरांच्या शेजारी नेऊन टाकलं आहे. वाक्याचीच मान मुरगळल्यासारखी.

८. उपमा, रूपक, प्रतिमा, प्रतीक… परीक्षेत सगळं एकच वाटायला लागतं.

तुलना किती उघड केली आहे ते पाहत जा.

बहिणाबाईंच्या ‘जसा तवा चुल्ह्यावर’मध्ये ‘जसा’ आहे. संसार उपमेय, तवा उपमान. ही उपमा. मर्ढेकर माघातल्या मुंबई बंदराला ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने’ उजळवतात, तिथे ‘जणु’ आहे. म्हणजे कल्पनेनं तसं वाटतंय. ही उत्प्रेक्षेची खूण. एकनाथांच्या भारुडात ‘काम क्रोध विंचू चावला’ म्हटलं आहे. ‘जसा’ गेला, ‘जणु’ गेलं, कामक्रोध हाच विंचू झाला. हे रूपक, आणि नाथ ते शेवटपर्यंत नेतात: विंचवावर उतारा म्हणून अंगारा लावायचा तो सत्त्वगुणाचा.

प्रतिमा हा अलंकार नाही. इंद्रियांना जाणवेल असं शब्दचित्र म्हणजे प्रतिमा. तिच्यात तुलना असेलच असं नाही. प्रतीक त्याहून वेगळं: वस्तू आपल्या जागी खरी असते आणि आणखीही काही सुचवत राहते, पण कवी ते नाव घेऊन सांगत नाही. नाथांचा विंचू म्हणजे काय ते नाथच सांगतात. मर्ढेकरांचे उंदीर म्हणजे कोण, हे मर्ढेकर सांगत नाहीत. ‘उंदीर म्हणजे शहरी माणूस’ असं समीकरण मांडलंत की प्रतीकाचं रूपक होतं आणि कविता आक्रसते. ‘शहरी माणसाची असहायता इथे जाणवते’ म्हणा, आणि उंदीर उंदीरही राहू द्या.

९. ‘तुका म्हणे’, ‘जनी म्हणे’ आलं म्हणजे बोलणारा कवीच, बरोबर?

सही कवीची, पण बोलणारा दर वेळी तोच नसतो. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा. एकनाथ ‘एका जनार्दनी’ म्हणतात, म्हणजे स्वतःबरोबर गुरूचंही नाव गुंफतात. ज्ञानदेवांच्या पदांत ‘बापरखुमादेविवरु’ येतं. मुद्रेला नुसती सही समजून सोडून देऊ नका. पुष्कळ अभंगांत तिथेच वळण असतं, वर जे सांगितलं त्याचा निवाडा मुद्रेनंतर येतो.

आता ज्ञानदेवांची विराणी, म्हणजे विरहगीत: ‘पैल तो गे काऊ कोकताहे । शकुन गे माये सांगताहे’. ‘गे’ हे बाईनं बाईला घातलेली साद आहे. बोलणारी विरहिणी आहे, लिहिणारे ज्ञानेश्वर. ‘ज्ञानेश्वर म्हणतात की कावळा ओरडतो आहे’ असं लिहिलंत तर कवितेतला सर्वांत नाजूक भाग हरवतो. ‘विरहिणी म्हणते’ असं लिहा. पुढच्या काळातल्या ‘मी’लाही हेच लागू.

१०. ज्ञानेश्वरी वाचताना शब्द ओळखीचे वाटतात, पण अर्थ चुकतो. काय करावं?

ओळखीचे शब्दच दगा देतात. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो, ओळखीच्यासाठी उघडत नाही. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० ची ही भाषा आहे. प्रश्न ५ मधल्या ओवीतलं ‘कौतुकें’ घ्या. आज कौतुक म्हणजे शाबासकी. तिथे त्यात लीला, नवल, सहजता हे अर्थ आहेत. ‘पसायदान’मधला ‘पसाय’ म्हणजे प्रसाद, कृपा. आणि सर्वांत महत्त्वाचं: ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्ट नष्ट होवोत असं ज्ञानदेव मागत नाहीत, त्यांच्यातलं वाकडेपण गळून पडो असं मागतात. एका शब्दावर अख्ख्या पसायदानाचा आशय उभा आहे. शब्दार्थाची टीप असलेली प्रत वापरा आणि टीप वाचून झाली की मूळ ओवी पुन्हा मोठ्यानं म्हणा.

११. पंडिती कविता म्हणजे नुसती कसरत, असं आम्हाला सांगितलं जातं. तिचं रसग्रहण कसं करणार?

कसरत आहे, पण नुसती नाही. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ओठांचा वर्ण येऊ न देता निरोष्ठ रामायण रचलं. त्याला कसरत म्हणा. पण ‘केकावली’ वाचा. केका म्हणजे मोराचा टाहो, आणि मोरोपंत स्वतःला मयूर म्हणवतात. म्हणजे नावापासूनच ती एका मोराची मेघासाठीची हाक आहे. ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो, कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो’ हे पृथ्वी वृत्त, सतरा अक्षरं, आठव्यावर यति, म्हणजे थांबा. मोरोपंतांनी वाक्यं बरोबर त्या यतीवर तोडली आणि घडो, पडो, झडो, नावडो अशी टोकं जुळवली. चार मागण्या चार श्वासांत बसल्या. हे वृत्तावरचं प्रभुत्व आहे आणि प्रार्थनाही आहे. मला यात विरोध दिसत नाही.

१२. संतांच्या कवितेत भक्तीखेरीज दुसरं काही शोधणं चुकीचं आहे का?

चूक तेव्हाच, जेव्हा भक्ती पुसून टाकून दुसरं काही शोधाल. जनाबाईंचा अभंग पाहा: ‘डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी’. आशय विठ्ठलाकडे निघण्याचा आहे, यात शंका नाही. पण त्यासाठी निवडलेली प्रतिमा पदराची आहे आणि जागा भरला बाजार. शेवटी तर त्या स्वतःला ‘येसवा’ म्हणवून घेतात. (काही प्रतींत ‘वेसवा’ असा पाठ आहे, अर्थ एकच: वेश्या.) नामदेवांच्या घरची दासी, स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवणारी बाई, तेराव्या-चौदाव्या शतकात, लाजेचं सगळं ओझं एका ओळीत खांद्यावर उतरवून ठेवते. भक्ती आणि मोकळीक इथे एकाच पावलात आहेत. एकीला वगळून दुसरीबद्दल लिहिलंत तर अर्धाच अभंग वाचला. ‘ऊस डोंगा’ (प्रश्न ६) याच नजरेनं पुन्हा वाचा: ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. डोंगा म्हणजे वाकडा. ते विशेषण चोखोबा स्वतःला लावतात, पण ते कुणाच्या नजरेतून आलं आहे, हा प्रश्न विचाराच.

१३. ‘औदुंबर’चा खरा अर्थ कोणता? प्रत्येक पुस्तकात वेगळा दिला आहे.

बालकवींच्या या आठ ओळींवर मराठीत जितका वाद झाला तितका फार थोड्या कवितांवर झाला असेल. मी एक अर्थ हातात देणार नाही. ओळींत काय आहे ते मात्र दाखवतो.

‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन’

इथपासून रंगांचा माग काढा. हिरवाळी, निळासावळा झरा, मग ‘हिरवी गर्दी’, मग ‘पायवाट पांढरी’, जी ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे’, आणि शेवटी लाटांवर पसरणारी ‘गोड काळिमा’. उजेडाकडून काळोखाकडे उतरत जाणारा रंग आहे, पण त्या काळिम्याला विशेषण ‘गोड’ मिळालं आहे. आता क्रियापदं. झरा वाहतो, वाट पडते, वाट चालते, काळिमा पसरते. सगळं हलतंय. आणि शेवटची ओळ: ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. बसला. कवितेत बसणारा एकटा तोच.

माप आठ-आठ-आठ-दोन असं आहे. ‘औदुंबर’ हा शब्द तिसऱ्या आठाच्या कडेवरून शेवटच्या दोन मात्रांत उतरतो आणि आवाज तिथे टेकतो, झाड पाण्यात पाय टेकवून बसावं तसा.

आणि ‘असला’. ‘असा’ नाही, ‘असला’. त्यात बोट दाखवणं आहे, थोडं नवल आहे, आणि हे काय आहे ते मला नेमकं सांगता येत नाही, अशी कबुलीही आहे. म्हणूनच कुणाला तो विरागी दिसतो, कुणाला उदास, कुणाला नुसता तृप्त. यातला कुठलाही अर्थ लिहा, पण ‘गोड’ आणि ‘काळिमा’ या दोन्ही शब्दांचा हिशेब द्या. ‘उदासीनता’ एवढंच लिहिलंत तर ‘गोड’ उरतो. ‘निसर्गसौंदर्य’ एवढंच लिहिलंत तर काळा डोह उरतो.

१४. बालकवी अकाली गेले, म्हणून काळा डोह म्हणजे मृत्यू, असं लिहिलं तर?

लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. बालकवी १९१८ साली, सत्तावीस वर्षांचे असताना, भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात गेले. ते वाचून कुणाचाही जीव कळवळेल. पण कविता लिहिताना कवीला आपला अपघात ठाऊक नव्हता. डोहात मृत्यूची छाया दिसत असेल तर ती कवितेतल्या रंगांवरून सिद्ध करा, पुढच्या घटनेवरून नको. चरित्राचा उपयोग शब्द आणि संदर्भ कळण्यासाठी होतो. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांच्या कवितेतली गिरणी, चाळ, संप समजायला ते जग माहीत असावं लागतं.

१५. नवकविता म्हणजे मुक्तछंद आणि परंपरेशी फारकत, हे बरोबर ना?

दोन्ही अर्धी चूक. नवकवितेचे प्रवर्तक मर्ढेकर मापात लिहीत, हे प्रश्न ७ मध्ये मोजून पाहिलंच. मुक्तछंदाची वाट त्यांच्याही आधी अनिलांनी (आ. रा. देशपांडे) पाडली. त्या मुक्तछंदात ओळी लहानमोठ्या होतात, पण आत चाल असते. ज्यात चालही ठेवलेली नाही, गद्याच्या लयीत जाणारी रचना आहे, तिला मुक्तशैली म्हणणं जास्त बरोबर. आणि मुक्तछंद लिहिणारे अनिलच पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ असा बंदिस्त आकार घडवतात.

परंपरेचं म्हणाल तर मर्ढेकरांच्या या ओळी ऐका:

‘जे न जन्मले वा मेले
त्यांसी म्हणे जो आपुले,
तोचि मुत्सद्दी जाणावा’

प्रश्न १ मधला अभंग आठवला? माप तेच आठ अक्षरांचं, यमकही तेच. फक्त ‘रंजले गांजले’ काढले आणि तिथे अजून न जन्मलेले किंवा मरून गेलेले आणून बसवले. जिवंत माणूस नेमका वगळला! साधूच्या जागी मुत्सद्दी आला. पुढे ‘मोले धाडी जो मराया, नाही आसू, नाही माया’ येतं, तेही तुकोबांच्याच ‘मोले घातले रडाया । नाही आसू आणि माया’वरून. तुकोबांकडे भाड्यानं रडणारे होते, मर्ढेकरांच्या काळात भाड्यानं मरायला धाडलं जातं. मधल्या काळात दुसरं महायुद्ध होऊन गेलं होतं. हे नुसतं विडंबन म्हणून सोडू नका, आणि ते तुकोबांचं विडंबन तर मुळीच नाही. तुकोबांच्या मापानं आजचं जग मोजलं आणि ते किती तोकडं पडलं ते दाखवलं.

अशा कवितेत मूळ ओळ वाचकाच्या कानात असावी लागते. सुर्व्यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या नावातलं ‘गा’ ऐकू आलं नाही, तर संतांच्या बोलीतला ब्रह्म एका कामगाराच्या तोंडी आल्याचा धक्काही बसत नाही.

१६. आधुनिक कवितेत कोणता रस लिहायचा?

भरतमुनींनी आठ रस सांगितले ते नाटकासाठी, शांतरस नंतर जोडला गेला. आधुनिक कवितेला एकच रस चिकटवण्याचा हट्ट धरू नका. ‘पिपांत मेले’मध्ये बीभत्स आणि करुण एकमेकांत मिसळले आहेत, ‘गरिब बिचारे बिळांत जगले’ म्हणताना कणव येते. भाव कुठे पालटतो ती ओळ दाखवलीत तर रसाच्या नावाहून जास्त सांगून होतं.

१७. गझलेत प्रत्येक शेर वेगळं बोलतो. मग आशय कसा काढायचा?

सगळ्या शेरांना एका कथेत ओवू नका, एवढं आधी. गझलेला एक ठेवणारा धागा आकाराचा असतो. सुरेश भटांचा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, पाहा: ‘इतकेच मला जाताना सरणावर कळले होते / मरणाने केली सुटका जगण्याने छळले होते’. ‘होते’ हा रदीफ, पुन्हा पुन्हा तोच. ‘कळले-छळले’ हा काफिया, यमक बदलत जाणारं. काफियाच्या आधीचा टिकून राहणारा स्वर म्हणजे अलामत, इथे तो ‘अ’. आता ‘होते’ या भूतकाळाचा परिणाम पाहा. प्रत्येक शेर संपताना सगळं घडून गेल्याची, आता काही बदलता येणार नसल्याची जाणीव परत येते. शेर वेगवेगळे असले तरी हा सूर एक आहे. त्यावर लिहा.

१८. बहिणाबाईंचं ‘तंव्हा’, ‘वढाय’ शुद्ध करून लिहिलं तर चालेल?

चालणार नाही. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’मधल्या ‘वढाय’च्या जागी ‘ओढाळ’ घालून म्हणून पाहा. अर्थ राहतो, पण ढोराला हाकताना तोंडातून निघणारा जोर जातो. ही खानदेशातली लेवा गणबोली आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या त्यांनी कामं करता करता रचल्या आणि त्या घरच्यांनी टिपून ठेवल्या. तरी ‘अरे संसार संसार’चा प्रत्येक चरण मोजा, आठ अक्षरं. तो हिशेब कानानं ठेवलेला आहे. उद्धरण देताना बोली जशीच्या तशी ठेवा, अर्थ हवा तर पुढच्या वाक्यात सांगा.

१९. नामदेव ढसाळांच्या कवितेतल्या शिव्यांबद्दल वर्गात काय बोलावं?

त्या तिथे का आहेत ते बोलावं. ‘गोलपिठा’ (१९७२) हे नावच मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या वस्तीचं. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या जगातले शब्द छापील मराठीत आलेच नव्हते, म्हणून कवितेची भाषा कुठवर पसरते असं आपण धरून चाललो होतो, ते तिथे बदललं. फक्त शिव्यांवर बोट ठेवणारे वाचक त्यांच्या शेजारी उभे असलेले संस्कृतप्रचुर शब्द पाहत नाहीत. दोन्ही एका ओळीत आणणं हेच ढसाळांचं तंत्र आहे. कुठला शब्द कुठल्या जगातून आला, याच्या दोन याद्या मुलांकडून करून घ्या. वर्ग गंभीर होतो, असा माझा अनुभव आहे.

२०. ग्रेस यांची कविता कळलीच नाही. तरी रसग्रहण लिहावं का?

लिहावं, पण कळल्याचा आव आणू नये. ‘दुर्बोध’ हा शब्द दोन वेगळ्या अडचणींना वापरला जातो. एक, संदर्भ माहीत नसतो. ती कोशानं सुटते. दुसरी, शब्द सगळे माहीत असतात पण एका प्रतिमेकडून दुसरीकडे जाणारा पूल दिसत नाही. ग्रेसांच्या ‘संध्याकाळच्या कविता’त (१९६७) ही दुसरी अडचण येते. तिथे अर्थाऐवजी आधी पुनरावृत्ती शोधा: कोणते शब्द, कोणती वेळ, कोणतं नातं संग्रहात परत परत येतं? प्रतिमांची यादी करा, त्या ओल्या की कोरड्या, जवळच्या की दूरच्या, ते पाहा. लय मोजा. ग्रेसांच्या कितीतरी कविता पक्क्या मापात आहेत आणि कान ती वाट आधी ओळखतो. मग लिहा: ‘ही प्रतिमा मला अमुक ओळीपर्यंत नेते, त्यापुढचा दुवा मला लागत नाही.’ पुढच्या वाचनात त्याच ओळीपासून सुरुवात करा.